टोचलेला ओठ आणि गळ्यातली माळ

गेल्या आषाढीच्या आधीची गोष्ट. आमच्या दिंडीतल्या एका माळकरी घरी वाद उभा राहिला. कॉलेजात शिकणारी नात खालच्या ओठाला बारीकशी कडी टोचून घरी आली. आजी म्हणाली, "अगं, तोंडाला भोक पाडून का कुणी माऊलीपुढं चालतं?" नात म्हणाली, "आजी, तुझ्या नाकाला भोक नाही का?" आजी गप्प झाली, आणि वाद आमच्यापुढे आला. आम्ही विचार न करता बोलून गेलो, "पोरी, आधी ती कडी काढ, मग दिंडीत ये." पोर त्या साली वारीला आलीच नाही. तिची रिकामी जागा आळंदीपासून पंढरीपर्यंत आम्हांस टोचत राहिली. म्हणून हा विचार आपणांपुढे ठेवीत आहोत.

अंगाला भोक पाडणे हा दोष आहे काय? तसे म्हणावे तर आपण सारेच दोषी. तान्ह्या लेकराचे कान आपण सोनाराकडून टोचून घेतो. त्याला कोण विचारतो? मूल जगत नसले तर मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणण्याची रीत होती. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचा विधीच सांगितला आहे. आणि ज्याच्या पायी डोके ठेवायला आपण अठरा-वीस दिवस चालतो, त्या विठुरायाच्या कानी मकरकुंडले आहेतच.

कोणी म्हणेल, ते परंपरेचे, हे नवे फॅड. परंतु आजीची नथ तरी किती जुनी? पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या नथीचा इतिहास शोधला, तेव्हा जुन्या संस्कृत ग्रंथांत तिचा पत्ता लागेना. म्हणजे नथसुद्धा कधीतरी नवीच होती. तेव्हाच्या आज्याही कुरकुरल्या असतील.

मग वाटेल ते करावे काय? तसेही नाही. नाथपंथातले कानफाटे योगी कान फाडून मुद्रा घालतात. ती त्यांची दीक्षेची खूण. निवृत्तिनाथांस गहिनीनाथांचा उपदेश झाला, तरी वारकऱ्याने ती खूण घेतली नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली, तेवढी पुरे झाली. म्हणजे आपल्या वाटेवर भोकाने पुण्य लागत नाही. ज्याने पुण्य लागत नाही, त्याने आपोआप पापही लागत नाही. पाहायचे ते एवढेच की, हे कोणासाठी केले आणि कसे केले.

चार जणांनी वळून पाहावे म्हणून ओठ टोचला असेल, तर तो हव्यासच. पण चार जणांनी पाहावे म्हणून लावलेला ठसठशीत गंधही त्याच मापाने मोजावा लागेल. हे माप दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

राहिले कसे केले ते. देह ही देवाची ठेव. ठेव वापरावी, पण नासू नये. टोचायचेच तर जाणत्या माणसाकडून, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या सुईने टोचावे. वापरलेल्या सुईतून कावीळीचे जंतू रक्तात जातात. बंदुकीने ओठ टोचू नये, मांस चिरडते. दागिना टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा असावा. खोट्या दागिन्यातल्या निकेलने पुष्कळांना खाज सुटते. आधी सूज येते, म्हणून दांडी जरा लांब लागते. सूज उतरली की ती आखूड करून घ्यावी, नाहीतर हिरडी मागे सरते आणि दाताचा टवका उडतो. जखम भरायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर हात धुतल्याशिवाय तिला शिवू नये. सलाईनने पुसावे, जेवल्यावर चूळ भरावी. कडी फिरवीत बसू नये, तेल-हळद भरू नये, तंबाखू-मिश्री तर नकोच. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पू झाला, ताप आला, सूज वाढली, तर घरगुती उपाय करीत बसू नये. आणि वारकऱ्याने एक ध्यानात ठेवावे: जखम ओली असताना इंद्रायणीत किंवा चंद्रभागेत बुडी मारू नये. काठावर हात जोडले तरी पोचते. म्हणून वारीच्या तोंडावर हा उद्योग करूच नये.

हे सारे त्या दिवशी पोरीला सांगता आले असते. आम्ही मात्र ओठ पाहिला, पोर पाहिली नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. ते का बाहेर राहिले, हे आपण जाणतो. १९४७ साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. त्या अन्यायाशी आमच्या चुकीची बरोबरी होणार नाही. पण वरचे पाहून माणसाला मागे लोटण्याची खोड तीच.

कार्तिकीच्या आधी आम्ही त्या घरी गेलो आणि पोरीपुढे हात जोडले. ती म्हणाली, "बाबा, हात नका जोडू. कडी ठेवायची की काढायची ते माझं मी बघीन. डोईवरची तुळस तेवढी मला द्या." आजीने उठून तुळशीला पाणी घातले. आम्ही काय बोलणार? रामकृष्णहरि.