नऊ गाण्यांत नशिराबाद कुठे आहे?

अरे, तुझ्या मिक्सटेपमधली नऊही गाणी मी नीट बसून ऐकली. कानाला हेडफोन लावून ऐकली, शब्द कळले नाहीत तिथे मागे नेऊन पुन्हा ऐकली. 'सर, कशी वाटली ते खरं सांगा' असं तूच लिहिलं होतंस. मग ऐक. आठ गाणी वाईट आहेत, आणि नववं तू अर्ध्यावर सोडून दिलं आहेस.

हे मी तुझा शिक्षक म्हणून सांगतो आहे, पण त्याहून जास्त तुझा चाहता म्हणून सांगतो आहे. आठवीत तू बाकावर बोटांनी ठेका धरून वर्गातल्या पोरांवर यमकं जुळवायचास, तेव्हापासून मी तुझा ऐकणारा. गणपतीच्या मांडवात तू कापसाच्या काट्यावरचं गाणं म्हटलंस, तेव्हा मागे भिंतीला टेकून उभे असलेले शेतकरी पुढे येऊन बसले होते. खेडा खरेदीला आलेला व्यापारी काटा कसा मारतो, कापूस ओला आहे म्हणत क्विंटलमागे वजन कसं कापतो, शेतकरी बोलायला लागला की चहा मागवून त्याला गप्प कसा करतो, हे सगळं त्यात होतं. माइक उसना होता, ठेका एका पोराने रिकाम्या डब्यावर धरला होता, आणि एकही शब्द वाया गेला नव्हता. ते गाणं लिहिणाऱ्या पोराने ही आठ गाणी लिहावीत याचा मला संताप आहे.

पहिल्याच गाण्यात तू बंदूक काढतोस. कुठली बंदूक? तुझ्या घरात धारेचं हत्यार म्हणजे केळीची पानं कापायचा विळा. दुसऱ्या गाण्यातली गल्ली मुंबईची आहे. तिसऱ्यात गळ्यात सोन्याच्या साखळ्या आहेत, चौथ्यात पोलीस मागे लागले आहेत. तुझ्यावर आजवर साधी तक्रार नाही, आणि नसावीच. मग हे उसनं अवसान कोणासाठी? आणि शिव्या! प्रत्येक गाण्यात आईबहिणीवरून शिव्या. राग असेल तर तो शब्दात दिसू दे. शिवी दिली की तुझी ओळ पूर्ण होते आणि डोकं चालवायचं राहून जातं, एवढंच होतं.

एम. सी. स्टॅन तुझा देव आहे हे मला ठाऊक आहे. तुझा उच्चार, शब्द ओढायची तऱ्हा, मधेच हसणं, सगळं त्याचं आहे. पण त्याचं काय घ्यायचं हे तुला समजलेलंच नाही. स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख, पुण्याच्या ताडीवाला रोडचा पोरगा. २०२० साली त्याचा 'तडीपार' हा अल्बम आला तेव्हा लोकांनी त्याला उचललं, ते त्या वस्तीत जसं बोलतात तसं तो बोलला म्हणून. २०२३ च्या फेब्रुवारीत तो 'बिग बॉस' जिंकला तेव्हाही त्याने बोली बदलली नव्हती. त्याच्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण तो स्वतःच्या रस्त्याचं बोलतो हे मला मान्य करावंच लागतं. तू त्याचा रस्ता आपल्या नशिराबादला आणायला निघालास. आपल्याकडे रस्ता नाही का? महामार्ग गावाला लागून जातो.

स्वतःच्या बोलीत बोलणारे बघ. अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर '१०० आरबीएच' या नावाने २०२२ मध्ये 'हसल' या रॅपच्या कार्यक्रमाच्या मंचावर उभा राहिला आणि देशभरच्या लोकांसमोर वऱ्हाडी ठसक्यात बोलला. 'स्वदेसी' या रॅप गटाच्या पोरांनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं, आणि त्यात एम. सी. मवाली मराठीतून बोलला. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी पोरांवर त्यांच्या रॅपवरून गुन्हे दाखल झाले. दोघांच्याही गाण्यात बंदूक नव्हती. राजकारणावर साध्या मराठीत बोलले, ते झोंबलं. तुझी आठ गाणी कोणाला झोंबतील सांग. तुझी बंदूक ऐकून व्यापाऱ्याला काही होणार नाही. तुझं काट्याचं गाणं ऐकून मात्र तो मांडवातून उठून गेला होता.

आता कारागिरीचं बोलू, कारण तिथेही तू कामचुकारपणा केला आहेस. पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला आणि मधे एक बाई इंग्रजीत कोणाचं तरी नाव घेते. इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या बीटवर तिच्या मालकाचा शिक्का तसाच राहिला आहे. तो काढायची किंवा डब्यावर स्वतःचा ठेका धरायचीही तुला गरज वाटली नाही! आवाजावर ऑटोट्यून इतकं चढवलं आहेस की श्वास कुठे घेतलास ते ऐकूच येत नाही. रॅपमध्ये श्वास ऐकू आला पाहिजे. भाई, कमाई, लढाई, मलाई ही चार यमकं आठ गाण्यांत फिरवून फिरवून आणलीस. वहीत तपासायला आली असती तर मी लाल रेघ मारून परत केली असती.

यमक कसं बांधतात हे शिकायला तुला रॅप जिथे जन्मलं त्या ब्राँक्सला जायची गरज नाही. इथून जवळ बहिणाबाई चौधरींचं असोदा आहे. बहिणाबाईंनी अक्षर गिरवलेलं नव्हतं. जात्यावर, शेतात ओवी बोलत गेल्या. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, म्हणजे दम घ्यायला जागा. हात जातं ओढतोय, त्या फेऱ्यात ओळ बसली पाहिजे, श्वासही पुरला पाहिजे. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की खानदेशातल्या एका शेतकरणीने काय बोलून ठेवलं आहे. तुझी आजी अजून 'काय करू राह्यला रे' म्हणते ना? ती बोली तुझ्या नऊ गाण्यांत एकदाही नाही. आपल्या खानदेशात वहीगायनाचे फड अजून आहेत, रात्र रात्र गातात. कधी जाऊन बसलास? गुलाबाईची गाणी तुझ्या बहिणी म्हणायच्या, ती तरी कानावरून गेली असतील.

तुझे मित्र 'एक नंबर भावा, आग लावली' लिहून मोकळे झाले. त्यातले दोघे मला चौकात भेटले. म्हणाले, 'सर, आधीचं भारी होतं, पण त्याला कसं सांगणार?' पोटात एक आणि ओठात एक. हे चाहते नव्हेत. ते तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि तू चढतोस. ज्याला तुझं आधीचं गाणं पाठ आहे त्याने नवं फसलं असेल तर तोंडावर सांगायला हवं, नाहीतर त्याने स्वतःला चाहता म्हणवू नये. हे त्या दोघांनाही मी ऐकवलं आहे.

आणि सबबी सांगू नकोस. मिक्सटेप म्हणजे कंपनी नाही, निर्माता नाही, 'असंच चालतं' म्हणून कान भरणारा कोणी नाही. घरी कॅसेट भरून हातोहात वाटायचे, तिथून हा प्रकार आला. सगळी मोकळीक तुझी होती, म्हणून सगळा दोषही तुझाच. वय लहान आहे म्हणशील, तर भादली स्टेशनवरून तू येतोजातोस. त्याच स्टेशनजवळ ५ मे १९१८ ला बालकवी रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस होतं. तेवढ्यात मराठी कवितेला जे देऊन गेले ते तू नववीत माझ्याकडूनच शिकला आहेस.

नववं गाणं. टोलनाक्यावरची तुझी रात्रपाळी. पावती फाडता फाडता ड्रायव्हर गावाचं नाव विचारतो, तू नशिराबाद सांगतोस आणि तो म्हणतो, 'इथून तर दर आठवड्याला जातो, गाव कधी बघितलं नाही.' हे ऐकून मी ताठ बसलो. इथे तू होतास, तुझी नोकरी होती, झोपेने जड झालेले डोळे होते, मे महिन्यात पहाटे तीनलाही निवत नाही ते डांबर होतं. आणि दीड मिनिटात तू ते तोडलंस आणि परत साखळ्यांवर आलास! का? तिथे खरं बोलावं लागलं असतं म्हणून?

आठ गाणी आजच काढून टाक. नववं पूर्ण कर, तुझ्या बोलीत, आणि ड्रायव्हरला तू काय उत्तर दिलंस ते त्यात आलं पाहिजे. येत्या रविवारी सकाळी वही घेऊन घरी ये. बीट नको, मोबाइल नको. माझ्यासमोर उभा राहून तोंडी म्हण. पहिली शिवी आली की तिथेच थांबवीन आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लावीन.