ओलं दिसलं की ब्रेक ऑइल?

हात पूस आणि इकडे ये. पाना आणू नकोस, पान्याचं काम तू नको तितकं करून बसला आहेस. बाकीच्यांनीही जॅकभोवती या. बोलणी याला बसणार आहेत, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं, तेव्हा हसू आवरा.

ही जिप्सी ताडोब्यात सफारीला चालते. मंगळवारी जंगल बंद, म्हणून मालकानं आज सकाळी ती आपल्या वर्कशॉपमध्ये आणून लावली. तक्रार काय होती? मागच्या डाव्या चाकाचा टायर आतल्या अंगानं ओला दिसतो. एवढंच. ‘ब्रेक ऑइल गळतंय’ असं मालक म्हणाला नव्हता. ते तू म्हणालास, तेही गुडघा न टेकवता. मग व्हील सिलिंडरला नवं किट टाकलंस, लायनर पेट्रोलनं पुसून परत चढवलेस, वहीत ‘काम पूर्ण’ लिहिलंस आणि माझ्या सहीला घेऊन आलास.

मी ड्रम पुन्हा उतरवायला लावला. काय दिसलं, सांग सगळ्यांना. तुझं नवं किट कोरडं ठणठणीत, आणि त्याच्याखाली एक्सलच्या तोंडातून तेलाचा ओघळ. म्हणजे जो भाग गळत नव्हता तो तू बदललास, आणि गळत होता त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. आता ‘सर, सगळे असंच करतात’ म्हणू नकोस. सगळे करतात ते शिकायचं असतं तर इथं दोन वर्षं काढायची गरज नव्हती.

मला एक सांग. किट टाकण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहिलीस का? नाही. मी मालकाला विचारलं. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती, आणि सहा महिन्यांत कोणी थेंब घातलेला नाही. अरे बाबू, टायर ओला होईपर्यंत सिलिंडर गळत असता, तर ते तेल कुठून आलं असतं? टाकी भरलेली आहे, या एका गोष्टीनं तुझं निदान बाद होत होतं. त्याला पाच मिनिटंही लागली नसती. पण पाच मिनिटं बघण्यापेक्षा दोन तास खोलणं तुला सोपं वाटतं, कारण खोलताना माणूस कामात दिसतो.

दुसरं. ही गाडी फोर बाय फोर आहे, याचा अर्थ तुझ्यासाठी काय? गिअरशेजारचा जादा लिव्हर आणि मागचं स्टिकर? नाही. अर्थ असा, की हिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलच्या पोटात डिफरन्शिअल आहे आणि त्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल आहे. चारही चाकं तेलानं भरलेल्या हाउसिंगच्या टोकांना बसलेली आहेत. म्हणून हिच्या कुठल्याही चाकाजवळ ओल दिसली की संशयित एकाहून जास्त असतात: ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, शॉक अब्सॉर्बरचं तेल, पुढच्या बाजूला नकलमधलं ग्रीस. शिवाय इंजिन किंवा ट्रान्सफर केसमधून निघून वाऱ्यानं मागे आलेलं तेलही असू शकतं. यातला गुन्हेगार कोण, हे ठरल्याशिवाय एक नट सैल करायचा नाही.

ठरवायचं कसं? बोटानं, नाकानं आणि वाटीभर पाण्यानं. ब्रेक ऑइल पातळ असतं, नवं असताना फिकट पिवळं, जुनं झालं की तपकिरी. पाण्यात टाकलं की विरघळतं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. गिअर ऑइल जाड असतं, चिकट असतं, पाण्यावर तरंगत राहतं. त्याचा वास एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही, कारण दातांवर प्रचंड दाब सोसण्यासाठी त्यात गंधकाची संयुगं घातलेली असतात. आत्ता तुझी बोटं नाकाशी ने. आलं ना नाक मुरडायला? हा पुरावा सकाळपासून तुझ्या हातालाच लागलेला होता.

आणि ओल जिथं दिसते तिथंच गळती असते, हे कोणी शिकवलं? कौलारू घरात पाणी जिथं टपकतं, त्याच्या बरोबर वर फुटकं कौल नसतं. पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडे पडतं. गाडीखालीही तेल उतारानं खाली जातं आणि वाऱ्यानं मागे जातं. म्हणून ओलीतली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. बॅकप्लेटच्या खालच्या काठापासून वर बघत जा. शॉक अब्सॉर्बर ओला आहे का? ब्रेकच्या पाइपचा जोड ओला आहे का? हाउसिंगचं टोक? संशय उरला तर सगळं धुऊन कोरडं कर, टाल्कम पावडर मार, गाडी थोडी फिरवून आण आणि पुन्हा बघ. चिखलाच्या थरावर टॉर्च मारून निदान करणारा मेकॅनिक आणि हात न बघता भविष्य सांगणारा ज्योतिषी, दोघांची फी वायाच.

बरं, ऑइल सील गेलं हे आता कळलं. मघाशी तूच म्हणालास, ‘मग सील टाकतो सर, अर्ध्या तासात होईल.’ पुन्हा तेच! सील का गेलं, हा प्रश्न तुझ्या डोक्यात येतच नाही. रबर म्हातारं होतं, मान्य. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय नवं सील टाकलंस, तर ते कधी जाईल याचा नेम नाही.

पहिली, ब्रीदर. हाउसिंगच्या माथ्यावर ते एवढंसं टोपण असतं, आत-बाहेर हवा जाऊ देणारं. चालताना एक्सल तापतो, आतली हवा फुगते, ती तिथून निघून जायला हवी. जंगलातली धूळ आणि चिखल बसून ते बुजलं, की दाब बाहेर पडायला एकच वाट धरतो, सीलच्या ओठाखालची. आणि हीच तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात उतरली की हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं. हिचा ब्रीदर मी आत्ता फिरवून पाहिला. दगड झालाय. तुझं सील अर्ध्या तासात बसलं असतं, आणि त्याच्या मागं दाब तसाच राहिला असता.

दुसरी, बेअरिंग. हिच्या मागच्या एक्सलमध्ये गाडीचा भारही शाफ्टवरच येतो. बेअरिंगला प्ले आला की शाफ्ट फिरताना डुलतो आणि सीलचा ओठ एका बाजूनं दाबला जातो, दुसरीकडे उघडा पडतो. जॅकवर, खाली घोडी लावून, चाक वर-खाली हलवून बघ. प्ले असेल तर बेअरिंगही बदलायचं. ते अडवणारी कडी शाफ्टवर घट्ट बसवलेली असते. ती घासून, छिन्नीनं फोडून काढावी लागते आणि नवी कडी प्रेसवर चढवावी लागते. जुनी कडी हातोड्यानं परत ठोकलेली दिसली, तर दोन महिने तुला फक्त झाडू मिळेल.

तिसरी, शाफ्टचा तो पट्टा जिथं सीलचा ओठ टेकतो. त्यावरून नख फिरव. नख अडकलं तर तिथं खाच पडली आहे, आणि त्या खाचेवर कितीही महागडं सील थांबणार नाही. शिवाय तेलाची पातळीही बघ. ती भरण्याच्या बुचाच्या खालच्या काठापर्यंत असते, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून जॅकवरच्या तिरक्या गाडीत ओतणारे तुमच्यातच आहेत. आणि तेल काढण्याआधी भरण्याचं बूच उघडून बघायचं. ते गंजून अडकलं असेल आणि खालून तेल आधीच सोडलं असेल, तर रिकामी गाडी घेऊन बसा.

सील बसवताना ओठाला गिअर ऑइलचं बोट फिरवायचं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे, आणि सरळ दाबून बसवायचं. शाफ्ट आत सारताना त्याचे स्प्लाइन ओठावरून घासले तर नवं सील बसायच्या आधीच फाटतं. शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून धर.

आता सगळ्यात संतापाची गोष्ट. लायनर पेट्रोलनं पुसून परत लावलेस. लायनर सच्छिद्र असतो. तेल वर नसतं, आत मुरलेलं असतं. ब्रेक तापला की ते परत पृष्ठभागावर येतं. मग डावं चाक नुसतं फिरत राहतं आणि उजवं धरतं. मोकळ्या मुरमावर, उतारावर, सहा पर्यटक, गाइड आणि चालक घेऊन ही गाडी आडवी होते. तेलानं भिजलेले लायनर बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे जोडीनं बदलायचे, म्हणजे दोन्हीकडची पकड सारखी राहते. शिवाय तोच पेट्रोलचा बोळा तू सिलिंडरच्या रबरावर फिरवलास. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गिअर ऑइल यांनी ब्रेकचं रबर फुगतं. म्हणजे कोरड्या सिलिंडरला गळतं करायची सोय तूच करून ठेवलीस. ते किट पुन्हा निघेल. ड्रममधली धूळही तू हवेच्या पाइपनं उडवलीस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, फुप्फुसात भरायची नाही.

आणि ब्रेकची हवा काढून टाकीत ओतलंस ते कुठल्या बाटलीतलं? फळीवरच्या, झाकण सैल असलेल्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असायला हवा. पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली आला तरी प्रमाणात बसतो. उतारावर सतत ब्रेक मारले की ते उकळतं, वाफ होते, आणि पेडल फरशीला टेकतं. ती बाटली आज फेकायची, आणि तुझं ओतलेलं तेल काढून सीलबंद डब्यातलं भरायचं.

एवढ्यावर भागलेलं नाही. पुढच्या उजव्या नकलखाली काळपट ओघळ आहे, तो तू ‘ग्रीस आहे सर, चालतं’ म्हणून सोडलास. ग्रीस असं धारेनं वाहतं का कधी? आतलं एक्सल सील गेलं, डिफरन्शिअलचं तेल नकलच्या गोळ्यात शिरलं, ग्रीस पातळ झालं आणि बाहेरच्या सीलमधून उतरतंय. बाहेरचं सील बदलून ते थांबणार नाही. नकल खोलून, शाफ्ट ओढून आतलं सील बदलायचं, किंग पिनच्या बेअरिंगचा प्ले बघायचा, गोळ्यावर गंजाचे खड्डे आहेत का बघायचं. आणि पुढच्या डिफरन्शिअलची पातळी तपासायची, कारण नकलमध्ये आलेलं तेल तिथूनच कमी झालंय.

मालकाला मी फोन केलाय. उद्याची सफारी ही गाडी करणार नाही. त्याचा एक दिवसाचा धंदा बुडाला, आणि तुझ्या निष्काळजीपणाबद्दल त्याच्याशी तूच बोलायचं आहेस, माझ्यासमोर. किटचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत.

आता कामाला लाग. आधी वहीतलं ‘काम पूर्ण’ खोड आणि त्याखाली लिही: कुठला द्रव, कुठून निघाला, का निघाला. प्रत्येक उत्तरापुढे ते कशावरून ठरवलंस तेही लिही. या तीन ओळी मी वाचल्यानंतरच तुझ्या हातात पाना येईल. बाकीच्यांनीही आपापल्या वह्या काढा. तुमच्या गाड्यांच्या नोंदीही मला अशाच हव्यात.