शेंडेफळानंतरचे पिल्लू

तीन-चार लहान मुले असलेल्या घरात कुत्र्याचे पिल्लू आणले की घरात एका लहानाची भर पडली, एवढाच हिशेब मोठी माणसे धरतात. प्रत्यक्षात सगळी उतरंडच हलते. कालपर्यंत जे शेंडेफळ होते ते आता शेंडेफळ राहत नाही. ज्याला दिवसभर सगळे जण काही ना काही सांगत असत, त्या तीन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच कुणाला तरी सांगायची संधी मिळते, आणि ते कंबरेवर हात ठेवून, हुबेहूब आईच्या सुरात पिल्लाला दटावते. मधल्या मुलाला हक्काचा जोडीदार मिळतो. सर्वांत मोठ्या मुलीच्या वाट्याला बहुधा आणखी एक काम येते.

पिल्लू आणताना दिले जाणारे कारण ठरलेले असते: मुलांना जबाबदारी कळेल. हे कारण तपासून पाहण्यासारखे आहे. आठ वर्षांचे मूल मनापासून वचन देते आणि मनापासूनच विसरते. त्यात लबाडी नसते, ते त्या वयाचे लक्षण असते. सकाळी सहाला पिल्लाला खाली नेणे, रात्री दोनदा उठणे, लशींच्या तारखा सांभाळणे ही कामे काही दिवसांतच एका मोठ्या माणसाकडे, बहुतेक घरांत आईकडे, येऊन थांबतात. पिल्लू मुलांसाठी आणले तरी ते वाढवायचे मोठ्यांनीच. हे आधी मान्य करणाऱ्या घरात मुले पिल्लाकडून पुष्कळ शिकतात. न करणाऱ्या घरात महिन्याभरात धुसफूस सुरू होते आणि तिचा राग निघतो पिल्लावर.

मराठी मुलांना पिल्लांचा सहवास नवा नाही. नवे आहे ते पिल्लाचे घरात राहणे. गल्लीतली कुत्री पावसाळा संपल्यावर, थंडीच्या सुमारास व्यायची. वाड्याच्या जिन्याखाली किंवा चाळीच्या मागच्या बोळात मुले गोणपाट अंथरायची, करवंटीत पाणी ठेवायची, मोत्या, काळू, वाघ्या अशी नावे वाटून टाकायची. त्यात मुलांच्या वाट्याला फक्त आनंद होता, कारण कष्टाचे सारे काम कुत्री करत होती. पिल्लांना चाटून स्वच्छ ठेवणे, ऊब देणे, जास्त जोरात चावणाऱ्याला गुरकावून गप्प करणे हे तिचे होते. चार-पाच महिन्यांनी पिल्ले गल्लीची होऊन जात. फ्लॅटमध्ये आणलेले पिल्लू आईपासून तोडलेले असते, आणि त्या आईची कामे घरातल्या कुणाला तरी करावी लागतात. पूर्वीच्या आठवणींवर विसंबून पिल्लू आणणाऱ्यांचा हिशेब चुकतो तो इथे.

घरातल्या वडीलधाऱ्यांची अढी हाही या बदलाचाच भाग आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आजी नातवंडांना प्रेमाने सांगते, भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रेही असतात. तरी पिल्लाने देवघराचा उंबरा ओलांडलेला तिला चालत नाही. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. कुत्र्याला भूतदया दाखवणे आणि त्याला स्वयंपाकघरात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजीची सीमारेषा पिल्लाला शिकवता येते. उलट, एक ठाम सीमा असलेले घर पिल्लाला लवकर समजते.

पिल्लू किती लहान असावे, याचे उत्तर कायद्यातही आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या 2017च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. यामागे शास्त्रीय कारण आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. 1965 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात पिल्लू ज्या प्राण्यांमध्ये वावरते त्यांना ते आपले मानू लागते, असे त्यांनी दाखवले. या काळाचा पहिला भाग आई आणि भावंडांसाठी, उरलेला माणसांसाठी. या दिवसांत मुलांचा गलका, कुकरची शिट्टी, लिफ्टचे दार, पाहुण्यांची वर्दळ यांची सवय झाली नाही तर पुढे त्यांची भीती बसू शकते. अडचण अशी, की याच दिवसांत लशींचा क्रम पूर्ण झालेला नसतो आणि पार्व्होसारखा विषाणू बाहेरच्या जमिनीवर टिकून असतो. म्हणून या आठवड्यांत पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवायचे, जमिनीवर सोडायचे नाही; आणि इतक्या मुलांच्या घरात कडेवर घ्यायला माणसांची कमतरता नसते.

पिल्लू आणि लहान मूल यांच्यात साम्य बरेच आहे, आणि ताणही त्या साम्यातूनच येतो. मुलाला 20 दुधाचे दात, पिल्लाला 28. मुलाचे दात सहाव्या वर्षाच्या आसपास पडू लागतात, पिल्लाचे चौथ्या महिन्यात. त्यामुळे एकाच घरात दात पडलेला पहिलीतला मुलगा आणि दात शिवशिवणारे पिल्लू एकाच वेळी सापडते. चपला, वह्यांचे कोपरे, खुर्चीचे पाय कुरतडले जातात ते या काळात. दोघांनाही झोप लागते तीही भरपूर: पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. मुले असलेल्या घरात ही झोप त्याला मिळत नाही, कारण कुणीतरी सतत त्याला उठवत असते. संध्याकाळी सातच्या सुमारास पिल्लू सैरावैरा धावते, पायांना चावते, काही ऐकत नाही. घरच्यांना वाटते त्याच्या अंगात मस्ती आली आहे, पण पुष्कळदा ते झोपेला आलेले असते. त्या वेळी घरातले चार वर्षांचे मूलही तसेच वागत असते. दोघांना एकमेकांपासून दूर नेऊन झोपवणे हा त्यावरचा साधा उपाय. पिल्लाची झोपण्याची जागा ठरलेली असावी आणि तिथे गेलेल्या पिल्लाला कुणीही हात लावायचा नाही, हा मुलांना शिकवायचा पहिला नियम.

शू-शीचे गणितही तसेच. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला लगेच जागेवर न्यावे लागते, आणि तिथे काम झाल्याबरोबर शाबासकी द्यावी लागते. फरशीवर झालेल्या शूबद्दल नंतर नाक घासून काही उपयोग नसतो. केलेले आणि भोगलेले यांची सांगड पिल्लाला काही सेकंदांपलीकडे घालता येत नाही. ते फक्त एवढेच शिकते, की या माणसासमोर शू करायची नाही, सोफ्यामागे जायचे.

मुलांच्या घरात सर्वांत कठीण असते ते चावणे. पिल्ले खेळताना चावतात. त्यांचे हात म्हणजे त्यांचे तोंडच. एखादे जोरात चावले की दुसरे कळवळून बाजूला होते आणि खेळ थांबतो, अशा रीतीने दातांचा जोर किती लावायचा हे ती शिकतात. आठ आठवड्यांत हे शिक्षण अर्धवट असते. ते पुरे करायचे असेल तर दात लागताक्षणी हालचाल थांबली पाहिजे, लक्ष काढून घेतले पाहिजे. लहान मूल नेमके उलटे करते. ते किंचाळते, हात उंच करते आणि पळत सुटते. पिल्लाच्या दृष्टीने याहून मजेचा खेळ नाही: आवाज करणारी, धावणारी, हलणाऱ्या फ्रॉकची वस्तू. त्यात दुसरे भावंड हसत हसत मागे धावले तर पिल्लाची खात्रीच पटते. म्हणून मुलांना पिल्लाला ओरडायला शिकवण्यापेक्षा झाड व्हायला शिकवावे: जागच्या जागी उभे राहायचे, हात अंगाशी, नजर खाली. तीन वर्षांच्या मुलालाही हा खेळ जमतो, आणि मोठ्या माणसाने जवळ येऊन पिल्लाच्या तोंडात त्याचे खेळणे देईपर्यंतचा वेळ त्यात निघतो.

खरा प्रश्न मुलांपेक्षा मोठ्यांचा असतो. पिल्लाला शब्द कळत नाहीत, अपवाद तर मुळीच कळत नाहीत. बाबांनी सोफ्यावर घ्यायचे, आईने उतरवायचे, आजोबांनी जेवताना टेबलाखाली पोळीचा तुकडा सरकवायचा आणि मग तेच पिल्लू जेवताना भुंकले म्हणून सगळ्यांनी रागवायचे, असे चालले की पिल्लू घरातला नियम शिकत नाही, माणसे शिकते. मुलेही तशीच शिकतात. फरक इतकाच, की मुलांना कारणे सांगून वेळ मारून नेता येते. पिल्लासाठी घरातल्या मोठ्यांना एकत्र बसून ठरवावे लागते: सोफा चालेल की नाही, ‘बस’ म्हणायचे की ‘सिट’, खायला कोण देणार. कित्येक घरांत मुलांच्या बाबतीत अशी बैठक कधी झालेलीच नसते. पिल्लामुळे ती होते, हा त्याचा फारसा न बोलला जाणारा फायदा.

कामे वयानुसार वाटावीत. तीन-चार वर्षांच्या मुलाने मोठ्याच्या हाताबरोबर आपला हात ठेवून पिल्लाच्या पाठीवरून फिरवावा. एकट्याने नाही, कारण त्या वयात पकड किती घट्ट होते हे मुलाला कळत नाही. सहा-सात वर्षांचे मूल पाण्याचे भांडे भरू शकते, खेळणी उचलून ठेवू शकते. नऊ-दहा वर्षांचे मूल खाणे मोजून घालते, केस विंचरते, मोठ्यांबरोबर फिरायला जाते. पट्टा मात्र एकट्या मुलाच्या हाती रस्त्यावर देऊ नये. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे ठेवू नये, ही सूचना घरच्या शांत कुत्र्यालाही लागू आहे. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्यामुळे चावा बसलाच तर तो बहुधा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो.

चावण्याआधी कुत्रा बरेच काही सांगत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आली नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, ताठ होतो, शेवटी गुरगुरतो. मिठी ही माणसाची प्रेमाची खूण; अनेक कुत्र्यांना ती अडकवल्यासारखी वाटते. पिल्लाच्या गळ्यात पडलेल्या मुलाचा गोड फोटो नीट पाहिला तर त्यात पिल्लाचे कान मागे गेलेले आणि मान वळलेली पुष्कळदा दिसते. गुरगुरल्याबद्दल पिल्लाला मारणे ही मोठी चूक: त्याने भीती जात नाही, फक्त इशारा जातो.

खाण्यापिण्यात मुलांचा उत्साह सांभाळावा लागतो. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली गोळी कुत्र्याला घातक ठरते. म्हणजे शिऱ्यातला बेदाणा आणि वाढदिवसाच्या केकचा तुकडा दोन्ही वर्ज्य. दूध-पोळी हा आपल्याकडचा पिढीजात खुराक. पण दूध सुटलेल्या पिल्लाला गाईम्हशीच्या दुधाने जुलाब होऊ शकतात.

आजारांपैकी दोन मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे. पिल्लाच्या पोटातले गोल जंत आईच्या पोटात असतानाच किंवा तिच्या दुधातून येतात, म्हणून चांगल्या घरातल्या पिल्लालाही सुरुवातीला दर पंधरवड्याला जंताचे औषध लागते. या जंतांची अंडी शीतून पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला काही आठवडे लागतात. शी लगेच उचलली आणि मुलांनी जेवणाआधी हात धुतले की धोका बहुतांशी टळतो. दुसरा आजार रेबीज. पिल्लाला पहिली रेबीज लस तीन महिन्यांच्या सुमारास मिळते. तोवर, विशेषतः रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाचा, ओरखडाही क्षुल्लक मानू नये. लक्षणे दिसल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो, पण वेळेवर घेतलेली लस तो रोखते. 1885 साली पाश्चर यांनी लस दिलेला पहिला रुग्ण नऊ वर्षांचा मुलगाच होता. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-तिखट-चुना काही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे. यासाठी मुलाने चावा लपवता कामा नये. पिल्लाला घराबाहेर काढतील या भीतीने मुले तो लपवतात. तेव्हा सांगितल्याबद्दल कुणालाच शिक्षा होणार नाही, हे घरात आधीच बोललेले असावे.

मुलांच्या वाट्याला येते ते जबाबदारीपेक्षा वेगळे आणि कदाचित अधिक मोलाचे आहे. बोलता न येणाऱ्या जिवाला आता काय हवे, काय नको, हे त्याच्या अंगावरून वाचायला ती शिकतात. चार भावंडांच्या घरात प्रत्येक जण आपले म्हणणे ओरडून सांगतो; पिल्लासमोर ओरडून भागत नाही. अमेरिकी बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना आपल्या जिंगल्स या कुत्र्यामुळे दिसले, की मोठ्यांशी न बोलणारी मुले कुत्र्याच्या आडून बोलू लागतात. 1999 साली युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत मुलांनी कुत्र्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. चुका न काढणारा श्रोता मिळाला की अडखळणारे मूलही वाचत राहते, हे त्यामागचे सूत्र. घरातही हे घडते, बहुधा मधल्या मुलाच्या बाबतीत, ज्याचे ऐकायला कुणाला सवड नसते. भावंडांची भांडणे मात्र पिल्लाने मिटत नाहीत. ते कुणाच्या अंथरुणाशी झोपणार, हा एक नवा विषय मिळतो.

सहा महिन्यांनंतर पिल्लू वयात येते. शिकलेले विसरल्यासारखे करते, ओढते, बोलावले तरी येत नाही. आता ते गोंडसही राहिलेले नसते. दीड वर्षापर्यंतचा हा काळ कुत्रे दुसऱ्याला देऊन टाकण्याचा किंवा सोडून देण्याचा असतो, आणि मुलांचा पहिला उत्साहही त्याच सुमारास ओसरलेला असतो. या काळात रोजचा व्यायाम, तेच जुने नियम आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांचा सल्ला एवढे पाळले तर कुत्रा मार्गी लागतो. त्यानंतर दहा-बारा वर्षांचा सहवास उरतो. त्यात मोठी मुलगी शिकायला परगावी जाते, मधल्याचे क्लास सुरू होतात, आणि पिल्लू आले तेव्हा तीन वर्षांचे असलेले मूल, ज्याच्या हातात पट्टा द्यायला कुणी तयार नव्हते, ते तेरा-चौदा वर्षांचे होऊन म्हाताऱ्या कुत्र्याला संध्याकाळी खाली नेऊन आणते.