धडधाकट माणसाची गोळी

२०१७चा उन्हाळा. नायजर देशातल्या मादारुन्फा जिल्ह्यात कोरड्या हवेने आणि धुळीने लोकांचे घसे सोलून निघाले होते. अशात एका गावात एका पोराला सणसणून ताप भरला, मान ताठली. मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण. पोराला दवाखान्यात हलवले आणि तीन दिवसांच्या आत आरोग्यसेविका गोळ्यांची खोकी घेऊन गावात आली. सिप्रोफ्लॉक्सासिन, प्रत्येकाने एकदाच, तिच्यासमोर गिळायची.

बाजरीचा व्यापारी अडून बसला. "माझ्या घरी कुणाला साधी शिंक नाही. त्या पोराच्या घरच्यांना द्या. धडधाकट माणसाला औषध कशाला?"

"हा जंतू धडधाकट माणसाच्याच घशात मुक्काम करतो," सेविका म्हणाली. "तुम्हाला कळतही नाही. खोकलात की समोरच्याकडे जातो, आणि एखाद्याच्या रक्तात शिरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. गोळी त्याला घशातच मारते."

"मग लस द्या."

"लस येईपर्यंत दिवस जातात. टोचल्यावरही अंगात ताकद यायला आठवडा तरी लागतो."

खरेच होते ते. शिवाय आधी टोचलेली लसही इथे कामाची नव्हती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या त्या लशीने २०१०पासून या भागातला जंतूचा 'ए' प्रकार जवळजवळ हटवला. पण आता आलेला जंतू 'सी' प्रकारचा होता. त्याच्यापुढे ती लस चालत नाही.

रांगेतून एक म्हातारी पुढे आली. १९९६-९७च्या साथीत आफ्रिकेच्या या पट्ट्यात अडीच लाख माणसे आजारी पडली, २५ हजार दगावली. तिचे दोन मुलगे त्यांतले. "माझ्याही घरी आदल्या दिवशी कुणाला शिंक नव्हती," ती म्हणाली. "तुझ्या दुकानात सगळं गाव येतं, बाबा. तो पोरगाही रोज यायचा."

व्यापाऱ्याने दुकान बंद केले. बायकापोरांना बोलावले, हमालांना बोलावले आणि स्वतः त्यांच्यामागे उभा राहिला.

ही माणसे कल्पनेतली. गावाला गोळी देण्याचा प्रयोग मात्र खरा. त्या वर्षी मादारुन्फात ४९ गावांतल्या ७१ हजारांवर लोकांमध्ये तो झाला. कुठल्या गावाला काय मिळणार हे चिठ्ठीवर ठरले: काही गावांत गोळी नाही, काहींत फक्त रुग्णाच्या घरी, काहींत सगळ्यांना. सगळ्यांना दिली तिथे आजाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. फक्त रुग्णाच्या घरी दिली तिथे गावात म्हणावा असा फरक पडला नाही.