साडेचौतीस गुणांचा प्रश्न

मराठी घरात ‘ताई’ म्हटले की थोरली बहीण डोळ्यांपुढे येते. चार घरे पलीकडे, कन्नड घरात, जवळजवळ त्याच उच्चाराचा ‘तायी’ हा शब्द आईसाठी असतो. दोन भाषांच्या मुलखात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पण यातून निघणारी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भाषांतर करणाऱ्याला अनोळखी शब्द सहसा फसवत नाही. अनोळखी शब्दापाशी तो अडतो, कोश उघडतो, कोणाला तरी विचारतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. वाक्य निर्दोष उतरते, व्याकरण जागच्या जागी असते, फक्त नाते बदललेले असते.

संगणकाला आज्ञा देण्याच्याही भाषा असतात. फोरट्रान १९५७ सालची. पुढे कोबोल, सी, जावा, पायथॉन अशी वंशावळ वाढत गेली. बँकांच्या, विम्याच्या, कचेऱ्यांच्या जुन्या आज्ञावल्या नव्या भाषेत उतरवण्याचे काम आज पुण्यात, बंगळूरात, हैदराबादेत आपल्याच घरांतील कितीतरी मुले-मुली करीत आहेत. हे काम निव्वळ तांत्रिक आहे असे मी समजत होतो. परंतु त्यांच्याकडून त्यातील अडचणी ऐकल्यावर मला वाटू लागले की, हा नीतीचाही प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. रविवारला ० अंक द्या, सोमवारला १, असे करीत शनिवारला ६. मंगळवार म्हणजे २. मंगळवारच्या तीन दिवस आधी कोणता वार होता? २ वजा ३ म्हणजे उणे १. त्याला ७ ने भागून बाकी काढली की वार मिळावा. पायथॉन या भाषेत बाकी ६ येते, म्हणजे शनिवार, आणि ते बरोबर आहे. तेच चिन्ह, तेच आकडे सी या भाषेत लिहिले तर बाकी उणे १ येते. असा वार कोणत्याच पंचांगात नाही. दोन्ही भाषा आपापल्या जागी खऱ्या आहेत. ऋण संख्येचा भागाकार कोणत्या बाजूला पूर्ण करायचा, याचा त्यांचा संकेत वेगळा आहे, इतकेच. गंमत अशी की, बुधवार ते शनिवार या चार दिवसांना हाच हिशेब दोन्हीकडे तंतोतंत जुळतो. ज्याने गुरुवार घालून पाहिला त्याला सारे आलबेल दिसणार. अनोळखी आज्ञा आली तर यंत्र तिथल्या तिथे थांबते व तक्रार करते. ओळखीचे चिन्ह मात्र निमूटपणे चुकीचे उत्तर देत राहते.

आता नीतीचा प्रश्न कोठे येतो ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या शाळेचे चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या तक्त्यावरून काढून पायथॉनमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीवर न्यायचे ठरले. काम आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने हौसेने अंगावर घेतले. त्याची रीत मला आवडली. नवी आज्ञावली लिहून तो मोकळा झाला नाही. मागील तीन वर्षांचे गुण त्याने जुन्या तक्त्यात आणि नव्या आज्ञावलीत असे दोन्हीकडे घातले आणि निकाल शेजारी शेजारी ठेवले. एके संध्याकाळी येऊन म्हणाला, “सर, तीन वर्षांत पास झालेली चार मुले आज नापास होताहेत.”

चौघांचीही सरासरी साडेचौतीस होती. उत्तीर्ण होण्यास हवेत ३५. एक्सेलमधील पूर्णांक करण्याची आज्ञा अर्ध्याला वर नेते, म्हणून ३४.५ चे ३५ होतात. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच नावाची आज्ञा अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून ३४.५ चे ३४ होतात आणि ३५.५ चे ३६. यामागेही विचार आहे. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर मोठ्या बेरजेत आकडा फुगत जातो. सम संख्येचा नियम लावला तर वर-खाली बरोबरी होते. त्याच पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत ३४.५ चे ३५ होत असत. एका भाषेच्या दोन पिढ्यांतही असा फरक पडतो.

शिक्षकांच्या खोलीत दोन पक्ष पडले. एकांचे म्हणणे, साडेचौतीस म्हणजे पस्तीस नव्हेत, यंत्राने खरे तेच सांगितले. दुसऱ्यांचे म्हणणे, इतकी वर्षे चालत आले ते चालू द्या. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटले. खरा प्रश्न असा की, अर्धा गुण वर न्यायचा हा नियम आमच्या शाळेने केला तरी कधी? कागदोपत्री तो कोठेच नव्हता. तो तक्त्याच्या एका खणात राहत होता आणि आम्ही सर्व त्याच्या आधाराने मुलांचे भवितव्य ठरवीत होतो. घर बदलताना कपाटामागे पडलेली वस्तू सापडावी, तसा तो भाषा बदलताना सापडला. नियम लिहिलेला नव्हता, तरी मुलांनी त्याच्यावर भरवसा ठेवला होता. तो भाषांतराच्या ओघात कोणाच्याही नकळत बदलणे हा अन्यायच ठरला असता. आम्ही अर्धा गुण वर नेण्याचा नियम शब्दांत लिहून परीक्षेच्या नियमावलीत घातला आणि आज्ञावलीतही तसाच स्पष्ट लिहून घेतला. पुढे तो बदलायचा असेल तर जूनमध्ये, पालकांना सांगून बदलता येईल.

मग मुळातली चूकही तशीच पुढे न्यावी काय? याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९०० हे साल लीप वर्ष नव्हते. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच त्याच्या फेब्रुवारीला २९ दिवस. परंतु १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या तक्त्याच्या आज्ञावलीत ते लीप वर्ष धरले गेले. पुढे एक्सेल आले, तेव्हा लोटसमधील तक्ते जसेच्या तसे चालावेत म्हणून ही चूक जाणूनबुजून उचलली गेली. एक्सेलमध्ये आजही २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आहे. ती पुसली तर साठवलेल्या असंख्य तारखा एकेक दिवसाने सरकतील. हा खोटेपणा म्हणावा काय? मी म्हणणार नाही, कारण ही चूक झाकून ठेवलेली नाही. करणाऱ्यांनीच ती उघडपणे नोंदवली आहे.

या व्यवसायातली जाणती माणसे म्हणूनच एक शिस्त पाळतात. आधी तसेच उतरवा, मग सुधारा. ही दोन कामे एका बैठकीत करू नका. दोन्ही एकदम केली आणि उत्तर बदलले, तर ते भाषांतराने बिघडले की सुधारणेने बदलले, हे कळण्यास मार्ग उरत नाही. चूक शोधण्याची त्यांची रीतही साधी आहे. तेच आकडे जुन्या-नव्या दोघांना द्यायचे. शेवटचे उत्तर जुळत नसेल तर हिशेबाच्या मध्यावर डोकवायचे. तेथे जुळले तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. असे निम्मे-निम्मे करीत दोघांची वाट जेथे प्रथम फुटली तेथे पोचायचे. शून्य, ऋण संख्या, रिकामा रकाना, यादीतील शेवटचे नाव, ही ठिकाणे आधी तपासायची. संसारातली भांडणेही अशी मागे जाऊन तपासली तर निम्मी मिटतील!

याहून अवघड जागा म्हणजे मुळात जे सांगितलेलेच नाही ती. कन्नडमध्ये ‘नावु’ म्हटले की त्यात ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘आपण’ की ‘आम्ही’ हे ठरवावेच लागते. ‘शाळेचा परिसर नावु स्वच्छ ठेवू’ अशा मजकुराचे मराठी करताना पालकांवर जबाबदारी टाकायची की नाही, हा निर्णय भाषांतरकाराच्या पदरात पडतो. संगणकाच्या भाषांतही काही भाषांना प्रत्येक संख्येचा प्रकार व आकार आधी सांगावा लागतो, काहींना लागत नाही. न सांगणारीतून सांगणारीत जाताना कोणीतरी गृहीत धरतो. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय अवकाशयान पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनंतर भरकटले आणि लगेचच नष्ट झाले. तेथे भाषा नव्हे, वाहन बदलले होते. एरियान ४ साठी लिहिलेला भाग तसाच वापरला होता. ३२,७६७ पर्यंतच मावेल अशा जागेत त्याहून मोठी संख्या आली. जुन्या यानाची गती पाहता तसे घडण्याचा संभव नव्हता. शब्द जसेच्या तसे आले. ज्या परिस्थितीत ते खरे होते ती मागेच राहिली.

म्हणून शब्दनिष्ठा पुरेशी नाही, आणि मनमानी तर मुळीच चालणार नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या रचल्या, पण ग्रंथाला गीता म्हटले नाही, भावार्थदीपिका म्हटले. भर घातली आहे हे नावातच सांगितले. भाषांतरकाराला बदल करण्याचा अधिकार असतो. लपून बदल करण्याचा नसतो.

आता तर यंत्रच काही क्षणांत एका संगणकभाषेतील आज्ञावली दुसरीत उतरवून देते. ते काम जलद होईल, पुष्कळदा चांगलेही होईल. पण अमुक मुलगा साडेचौतीसवर का थांबला, असे त्याच्या आईने विचारले तर उत्तर यंत्राने द्यायचे नाही, ते आपणच द्यायचे आहे. तेव्हा पुढे करण्यासाठी आपल्याजवळ लिहिलेला नियम असावा आणि तो केव्हा, कोणी व कशासाठी बदलला हेही सांगता यावे.