फर्दापूरला कोण थांबतं?

मला अजिंठा आवडतो, फर्दापूर आवडत नाही. असं सरळ लिहिलं की वाईट दिसतं, म्हणून आजवर मी तेच 'शाश्वत पर्यटन', 'वारशाचं पावित्र्य' अशा शब्दांत लिहीत आलो.

लेण्यांच्या अलीकडच्या फर्दापूर गावाजवळ टी-पॉइंटला गाडी लावायची, लेण्यांकडे जाणारी एसटी धरायची, चार किलोमीटर जायचं. खासगी गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत पोचू नये म्हणून ही सोय झाली आणि पायथ्याची दुकानं उचलून इथे टी-पॉइंटला आणली गेली. दोन्ही गोष्टींचं मी मनापासून समर्थन केलं. पण त्या दुकानांच्या रांगेतून बसकडे जाताना एखादा पोरगा सोबत चालू लागतो, तळहातावर चमकती गारगोटी ठेवतो, म्हणतो, "ही अशीच घ्या साहेब, येताना आपल्या दुकानात या, नंबर लक्षात ठेवा." तेव्हा माझा चेहरा कसा होतो, ते मला आरशाशिवाय कळतं. या लोकांना आणखी लांब न्यायला हवं होतं, असं मनात येतं. किती लांब? मला दिसणार नाहीत इतकं?

गंमत अशी की ज्या बेसॉल्टमध्ये लेणी कोरली, त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत हे स्फटिक तयार होतात. विहिरी खोदताना, खाणी फोडताना निघतात. एकाच दगडातून निघालेल्या दोन गोष्टींपैकी एकीसमोर मी आवाज खाली आणतो आणि दुसरीसमोर "नको, नको" म्हणत पुढे सरकतो.

एकदा घरी येऊन हिशेब मांडला. राहिलो छत्रपती संभाजीनगरला, शंभरेक किलोमीटर अलीकडे. नाश्ता तिथल्या हॉटेलात. डिझेल शहरात भरलं, पाण्याच्या बाटल्याही तिथूनच घेतल्या. दुपारचं जेवण परतीच्या वाटेवर, जिथे 'टॉयलेट बरं असतं' अशा ठिकाणी. फर्दापूरच्या वाट्याला गाडी लावण्याचे पैसे आणि एक चहा. तिकिटाचे पैसे सरकारचे, बसचे महामंडळाचे. आणि मी गावी परतून लिहिणार की स्थानिकांना लाभ मिळाल्याशिवाय पर्यटन टिकत नाही! लाभ नेमका कुणाच्या खिशातून यायचा होता?

आता कुणी म्हणेल, फर्दापूरला थांबण्यासारखं आहे काय? हा प्रश्न मीही विचारतो आणि त्याच्या आडोशाला उभा राहतो. लोक थांबत नाहीत म्हणून सोयी होत नाहीत, सोयी नाहीत म्हणून लोक थांबत नाहीत. हे चक्र तोडण्यासाठी कमी पैसा आलेला नाही. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटन विकासासाठी जपानच्या कर्जातून दोन टप्प्यांत प्रकल्प झाला. पहिल्या टप्प्याचा करार १९९२चा, दुसऱ्याचा २००३चा. रस्ते, पाणी, वनीकरण, विमानतळ, लेण्यांची डागडुजी असं बरंच काही त्यात होतं. फर्दापूरला भव्य अभ्यागत केंद्र उभं राहिलं. त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. कल्पना चांगली होती. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा माणसांच्या श्वासाने खराब होऊ लागली, तेव्हा १९६३मध्ये ती बंद केली आणि १९८३मध्ये शेजारी प्रतिकृती उघडली. लोक ती बघायला जातातही. आपलं केंद्र मात्र काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं.

यावर मी तावातावाने बोललो आहे. सरकारी अनास्था, नियोजनशून्यता, इमारत बांधायला पैसा असतो आणि दिवा लावायला नसतो. सगळं खरं. पण ते केंद्र चालू होतं तेव्हाही माझं मत काय होतं? "इतरांसाठी" उत्तम सोय. गर्दीने प्रतिकृती बघावी, म्हणजे मूळ चित्रांवरचा ताण कमी होईल. माझ्याबद्दल बोलायचं तर, शंभर किलोमीटर येऊन नक्कल कोण बघणार? असा विचार करणारा मी एकटा नसणार. सगळेच माझ्यासारखे असतील, तर त्या केंद्राचं बिल कोण भरणार होतं?

याहून अवघड गोष्ट पुढची आहे. एका फेरीत, चहा पिताना, रस्त्याकडेच्या कापसाच्या वावराकडे बघत मी चहावाल्याला सहज विचारलं, "इथे काय भाव चाललाय?" कापसाचा नव्हे, जमिनीचा. विचारताना माझा आवाज जरा खाली गेला, यावरून मलाच कळलं की प्रश्न सहज नव्हता. डोक्यात गणित सुरू झालं होतं. रस्ता कधीतरी पूर्ण होईल, पर्यटन क्षेत्र वगैरे जाहीर होईल, तेव्हा आज घेतलेली एकर-दीड एकर... घेतली नाही, कारण पैसे नव्हते. नैतिक कारण नव्हतं. माझ्यासारख्या पगारदाराच्या मनात हे दहा मिनिटांत येत असेल, तर ज्यांच्याकडे पैसा आहे आणि आराखडा आधी बघायची सोय आहे, त्यांच्या मनात ते केव्हा येत असेल? जमीन कुणाच्या नावावर राहणार, हे ठरण्याआधी 'क्षेत्र' जाहीर झालं की शेतकऱ्याला एकदाच मोठी रक्कम मिळते आणि मग त्याचा मुलगा त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टच्या फाटकावर गणवेश घालून उभा राहतो. त्या फाटकातून आत जाताना त्याने ठोकलेला सलाम मला आवडला असता, हेही खरंच.

लेण्यांत जातो तेव्हा मी स्वतःला पर्यटक समजत नाही. का, ते सांगता येणार नाही. चार पुस्तकं वाचलीत एवढंच. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभा असतो, मागून शाळेची सहल येते, पोरं एकमेकांना ढकलत असतात, आणि मला आठवतं की चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसं असावीत असा नियम आहे. तो नियम मला नेमका याच वेळी आठवतो. ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, भाताची तुसं, वनस्पतींचे तंतू यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. ओलावा, धूळ, कीटक, वटवाघळं, सगळ्यांनी ती पोखरली आहेत. विसाव्या शतकात निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी त्यांना वाचवण्यासाठी शेलॅक फासलं आणि ते पुढे पिवळं पडलं. म्हणजे प्रेमानेही इजा होते. मग माझ्या श्वासातला ओलावा त्या पोरांच्या श्वासातल्या ओलाव्याहून सभ्य कसा? उलट ती पोरं पाच मिनिटांत बाहेर पळतात. मी रेंगाळतो.

सव्विसाव्या लेण्यात तर मी स्वतःला पुरता सापडलो. तिथे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटरची मूर्ती आहे. तिच्यासमोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या पाच-सहा बायका हात जोडून उभ्या होत्या, हलक्या आवाजात वंदना चालली होती. आणि मी बाजूला कॅमेरा धरून चुळबुळत होतो, त्या कधी हलतात याची वाट बघत. मला फोटोत माणूस नको होता. ज्यांच्यासाठी ती मूर्ती अजून मूर्तीच आहे, त्या माझ्या चौकटीत अडचण होत्या! पर्यटनाच्या कुठल्याही आराखड्यात त्यांची गणना 'देशी पर्यटक' अशीच होणार. त्या राहणार नाहीत, महागडं काही घेणार नाहीत, डबा सोबत आणतील. पर्यटन क्षेत्राच्या दृष्टीने त्यांची किंमत फार नाही. आणि त्या क्षणी माझ्या दृष्टीनेही नव्हती.

मग वाटतं, तिकीटच महाग केलं तर? इंडोनेशियात, जावातल्या बोरोबुदूर या बौद्ध स्मारकावर हे करून बघायचं ठरलं होतं. तिथेही जपानच्या मदतीने आराखडा झाला, स्मारकाभोवती उद्यान करण्यासाठी ऐंशीच्या दशकात गावं हलवली गेली. २०१७मध्ये पर्यटन विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. २०२२मध्ये सरकारने सांगितलं की रोज बाराशे माणसांनाच वर चढू द्यायचं आणि इंडोनेशियन माणसाने त्यासाठी तिथले साडेसात लाख रुपिया मोजायचे. ओरड झाली, दर मागे घ्यावा लागला. दगडाच्या पायऱ्या झिजताहेत हे खोटं नव्हतं, आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्या रचल्या त्यांना त्या परवडणार नाहीत हेही खोटं नव्हतं. बातमी वाचताना माझा पहिला विचार काय होता? साडेसात लाख म्हणजे आपले चार हजार, तेवढं जमेल. माझ्या आवाक्यात होतं म्हणून मला ते काही क्षण न्याय्य वाटलं.

अजिंठ्याच्या बाबतीत मला एक गोष्ट सोयीने विसरता येते. हे स्थान एकांतात असलं तरी जगापासून तुटलेलं नव्हतं. घाटातून व्यापारी वाट जात होती. इथल्या चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानच्या दगडाचा आहे, तो काही भिक्षूंनी झोळीतून आणला नसेल. बाराव्या लेण्यात एका व्यापाऱ्याच्या दानाची नोंद आहे, सोळावं लेणं वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने दिलं. आणि भिक्षू जेवत होते ते आसपासच्या गावांच्या जिवावर. राजा बिंबिसाराने बुद्धासाठी जागा शोधली तेव्हा ती वस्तीपासून फार लांब नको आणि फार जवळही नको, लोकांना येता-जाता यावं, पण रात्री शांतता असावी, असा विचार त्याने केल्याचं विनयपिटक सांगतं. बसचे ते चार किलोमीटर मला आता तसे दिसू लागले आहेत. अंतर बरोबरच आहे. चूक आहे ती एवढीच की त्या अंतराच्या अलीकडच्या टोकाला मी गाव मानत नाही, वाहनतळ मानतो.

तेव्हा मला निदान इतपत पटलेलं आहे: किती लाख पर्यटक आले, या आकड्याने मला यापुढे काही कळणार नाही. फर्दापूर, अजिंठा, लेणापूर, सोयगाव या बाजूला किती जण रात्री राहिले आणि ज्या खोलीत राहिले ती कुणाच्या मालकीची होती, हे विचारावं लागेल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल आणि इथली पारो यांच्या प्रेमाची गोष्ट आपल्याला पाठ असते. पारोच्या लेणापुरात आज संध्याकाळी पाणी येतं का, हे मी कधी विचारलेलं नाही. रिसॉर्टवाल्यांना जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याची अट घातली तर काही टिकेल, असं वाटतं. खात्री नाही. पुढच्या वेळी फर्दापूरला राहीन, असंही म्हणतो. पण चादर स्वच्छ असेल का, हा प्रश्न त्या वाक्याच्या मागोमाग येतोच.

आणि प्रवेशावर मर्यादा घालायचीच, तर दराने न घालता सोडतीने घालावी, असं मला वाटतं. शाळेतलं पोर, पांढऱ्या साडीतली बाई, जपानी पाहुणा आणि मी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात. हे लिहायला बरं वाटतं. माझी चिठ्ठी निघाली नाही तर? गुपचूप परत फिरेन का? की पुरातत्त्व खात्यात ओळखीचं कोण आहे ते आठवेन? आठवायचीही गरज नाही. पहिला फोन कुणाला लावायचा, ते नाव मला आताच ठाऊक आहे.