खांब आणि फळ्या

दौलताबादला सहल नेली की मुले जामा मशिदीपाशी थांबतात. 1318 साली, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात ती उभी राहिली. तिचे कोरीव खांब जुन्या देवळांतले आहेत. 1948 नंतर आत भारतमातेची मूर्तीही बसली. जालन्याहून नेलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ये खंबे किसके हैं?" आम्ही त्याला सन सांगितला, बादशहाचे नाव सांगितले आणि पुढे निघालो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही.

तो प्रश्न पुन्हा समोर आला, जुन्या गोव्यातल्या चित्रांविषयी वाचताना. लिस्बनचा चित्रकार गार्सिया फर्नांडिश याने 1540 च्या सुमारास तिथल्या जुन्या कॅथेड्रलसाठी संत कॅथरिनची जीवनकथा लाकडी फळ्यांवर रंगवली. वेदीमागच्या मोठ्या चौकटीत त्या बसवल्या होत्या. पुढे नवे से कॅथेड्रल बांधले गेले, जुनी चौकट मोडली, फळ्या सुट्या झाल्या. कॅथेड्रलने त्या जपून ठेवल्या आहेत.

कॅथरिनच का? कारण 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. मशिदीत कोंडून माणसे जाळल्याचे आणि सुमारे 6000 जीव घेतल्याचे त्याने स्वतःच राजा मॅन्युएलला लिहून कळवले. आता कॅथरिनची कथा पाहा. रोमन बादशहापुढे न डगमगता तिने पन्नास पंडितांशी वाद घातला. तिच्या हाती तलवार नव्हती. श्रद्धेपायी तिचेच डोके उडवले गेले. सत्तेने मारलेल्या या मुलीचे नाव एका सत्तेने आपल्या कत्तलीच्या दिवसाला जोडले.

मग या चित्रांना सुंदर म्हणायचे की नाही? आमचे पहिले मन म्हणाले, नाही. रक्ताच्या आठवणीवर उभे राहिलेले सौंदर्य आम्हाला नको. पण मग दौलताबादचे ते खांब? तिथल्या कमानींचे कौतुक आम्ही वर्गात भरभरून करतो. तिथे मात्र "ते राजे होते, आमचा काय संबंध" असे म्हणून मोकळे होतो. अभिमानाचा सातबारा आमच्या नावावर आणि त्यावरचा बोजा दुसऱ्याच्या, असे कसे चालेल? साक्ष स्वतःविरुद्ध किंवा आईबापांविरुद्ध जात असली तरी खरीच द्या, ही कुरआनची शिकवण आम्हीच मुलांना पाठ करवतो.

लाकडाला आणि दगडाला पाप लागत नाही. ते मोडून मेलेले परत येत नाहीत. उलट उरलेला एक साक्षीदार जातो. पण नुसते सौंदर्य दाखवून हकीकत गिळणे हीसुद्धा मोडतोडच आहे. फळ्या जपाव्यात, खांबही जपावेत, आणि त्यांच्याजवळ उभे राहून सगळे सांगावे. गोव्यातल्या मुसलमानाचे दुःख आमचे असेल, तर देऊळ गमावलेल्या गावाचे दुःखही आम्हाला कळले पाहिजे.

पुढच्या सहलीत तो मुलगा नसेल. तो केव्हाच शाळा सोडून गेला. पण प्रश्न कोणीतरी विचारेलच. तेव्हा आम्ही म्हणू, "बेटा, मंदिर के थे. बैठो, पूरी बात सुनो."